राक्षस मरेना

“मी आज मरूचंय नाय,” अंकुशकाका म्हणाले.

ते तिसरीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून तोंडाला काजळ फासत होते. बाक तिसरीच्या पोरांच्या मापाचा, त्यामुळे काकांचे गुडघे कानांपर्यंत आले होते. समोरच्या भिंतीवर सतराचा पाढा लिहिलेला. अर्धं तोंड काळं झालं होतं, अर्धं अजून अंकुश धुरी यांचंच होतं, आणि दोन्ही अर्ध्यांवर राग मात्र सारखाच होता.

मी मुकुटाची नाडी हनुवटीखाली बांधत होतो. ती हातातून सुटली.

“मरूचंय नाय म्हंजे? काका, नाटकाचा नाव ‘वज्रकेतूवध’ आसा.”

“मालकाक सांग, नाव बदल म्हणान.”

“काका!”

“माझ्यार कित्याक आरडतस? बाबल्याक विचार. सम देवचंय नाय असा तेनाच सांगल्यान. मगे समेशिवाय मी मरतलंय कसो?”

ज्यांनी आमच्या तळकोकणातला दशावतार पाहिलेला नाही त्यांना हे भांडण कळायचं नाही, म्हणून थोडं सांगतो. आमच्या नाटकाला लिहिलेलं पुस्तक नसतं. मालक खेळाआधी गोष्ट सांगतात, कोण कुणाला शाप देणार आणि कोण कुणाला मारणार एवढं ठरतं, पुढचं ज्याचं त्याने आपल्या तोंडाने आणि पायांनी निभवायचं. मंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच जंगल, तोच कैलास. बाजूला पेटीवाला, झांजवाला आणि मृदंगवाला. शेवटी राजा आणि राक्षस यांचं युद्ध होतं, आणि ते युद्ध म्हणजे नाचच. तलवारी लाकडी, पण पाय खरे. मृदंग चढत जातो तसे पाय चढत जातात. मग एकच बोल तीनदा वाजतो, आणि तिसऱ्याच्या शेवटच्या थापेवर, म्हणजे समेवर, राजाची तलवार खाली येते आणि राक्षस पडतो.

अंकुशकाकांचं पडणं बघायला लोक डोंगर उतरून यायचे. गुडघा वाकवायचा नाही, हात टेकायचा नाही, माड पडावा तसे उताणे पडायचे. धाप्प! त्यात मृदंगाची थाप अशी मिसळलेली असायची की थाप कुठली आणि धुरी कुठला हे सांगता यायचं नाही. ती थाप देणारा मृदंगी म्हणजे माझा सख्खा मामा, बाबल परब. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवला आणि कंपनीत आणला. तो आणि अंकुशकाका एकाच वर्षी कंपनीत आलेले, एका पानात जेवणारे, एका बिडीचे दोन वाटेकरी. त्यांच्यात भांडण व्हायला एक घाटावरचा माणूस लागला.

पाणंदवाडीच्या शाळेची नवी इमारत झाली होती. तिथे अजून वीज आली नव्हती, म्हणून खेळ दुपारी चारला ठेवलेला. जेवण हेडमास्तरांकडे. हेडमास्तर घाटावरचे, स्वभावाने गरीब, बोलण्यात मात्र कौतुकाचा सुकाळ. काकांच्या ताटात सुरमईचा तुकडा वाढता वाढता म्हणाले, “अंकुशराव, मागच्या वर्षी तुमचा खेळ पाहिला. काय पडता हो तुम्ही! असे पडता, असे पडता, की वाटतं मृदंगच वाजला!”

मामाच्या ओठांजवळ गेलेला सोलकढीचा पेला तिथेच थांबला.

“वाजल्यासारखो वाटता? मगे मी थयसर बसान काय माश्यो मारतंय?”

“छे छे, तसं नव्हतं म्हणायचं मला,” हेडमास्तर म्हणाले.

खरं तर काकांनी इथे विषय सोडायला हवा होता. पण पोटात सुरमई आणि कानात स्तुती, माणूस सैल होतो.

“तसा बघूक गेला तर मास्तरांचा काय चुकला, बाबल्या? मी पडतंय, म्हणान तुझी सम येता.”

“मी सम देतंय म्हणान तू पडतस! नायतर उभोच ऱ्हवतलंस, शेतातल्या बुजगावण्यासारखो.”

“माझे पाय आदी. तुझो हात तेंच्या फाटसून येता.”

“हात आदी!”

“पाय!”

“भात वाढू का?” हेडमास्तरांनी विचारलं.

मामा पानावरून उठला. “ठीक आसा. आज सम देवचंय नाय. बघूया कसो मरतस तो!”

“आणि मी समेशिवाय मरूचंय नाय! आयुष्यभर समेर मेलंय, आज काय कुत्र्यासारखो मरू?”

भांडण त्या दोघांचं, पण मरण माझं होतं. कारण त्या दिवशी राक्षसाला मारणारा राजा मी होतो, आणि त्या मारण्यावर माझं लग्न अडकलं होतं.

तोवर कंपनीत मी स्त्रीपार्ट करायचो. नऊवारी नेसून, अंबाड्याला अबोलीचा वळेसर लावून मी राजकन्या व्हायचो आणि दर जत्रेत अंकुशकाका मला दंडाला धरून पळवून न्यायचे. अशा माणसाच्या दारात जाऊन त्याची मुलगी मागायची म्हणजे काय अवघड काम, ते तुम्हीच बघा. पण कुंदा मला आवडत होती आणि कुंदालाही मी, अंबाड्याशिवायचा, बरा वाटत होतो. मी गेलो. काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

“आजवर मी तुका पळवन नेलंय, मन्या. आता तू माझ्या चेडवाक नेतलंस?”

“व्हय.”

“राजे मी बरेच बघलंय. अर्ध्यांची तलवार एकीकडे नि ताल एकीकडे. असल्यांच्या हातान मरताना लाज वाटता माका. माझ्या जावयान माका समेर मारूक व्हयो. लुगडा नेसान नाय, राजा होवन. मारून दाखव, मगे बघतंय.”

मालकांच्या हातापाया पडून मी पाणंदवाडीचा राजपार्ट मिळवला होता. आणि घाई अशी की पुढच्या रविवारी मुंबईहून एक स्थळ कुंदाला बघायला येणार होतं. मुलगा गोदीत कायम नोकरीला. काकांची बायको त्या गोदीवर फार खूश होती. आज राक्षस मेला तर ठीक, नाहीतर कुंदा गोदीत जमा.

तसाच मुकुट सावरत मी व्हरांड्यात धावलो. मामा मांडी घालून मृदंगाच्या डाव्या तोंडासाठी कणीक मळत होता.

“मामा, आज सम दी.”

“कणीक बघ रे जरा. सैल झाली काय?”

“मामा, माझ्या लग्नाचो प्रश्न आसा.”

“तुझ्या लग्नात हात फुटासर वाजवतलंय. पण आज सम मागू नको. ह्यो तुझ्या लग्नाचो प्रश्न नाय, ह्यो मृदंगाचो प्रश्न आसा.”

“आणि काका पडले नाय तर?”

“तर जगाक कळात, कोण कोणाक पाडता ता,” मामा म्हणाला आणि त्याने कणकेचा गोळा चामड्यावर असा थापला की ती कणीक नसून अंकुश धुरीच असावा.

इकडे आड, तिकडे विहीर. मी परत वर्गात आलो तर खिडकीच्या गजांपाशी कुंदा उभी. आईबरोबर खेळ बघायला आली होती. डोळे मोठे करून तिने हळूच विचारलं, “बाबा काय म्हणतत?”

“मरूचंय नाय म्हणतत.”

“आणि मामा?”

“सम देवचंय नाय म्हणता.”

कुंदाने क्षणभर विचार केला. पटांगणातून तिच्या आईची हाक आली, तशी ती घाईने म्हणाली, “आयक. घराकडे बाबा रोज सकाळी माझ्या पायार पडतत. कळला मा? तू पण तसाच कर.”

आणि गेली.

मी गजांना धरून उभा राहिलो. त्रैलोक्याला दरडावणारा हा माणूस रोज सकाळी पोटच्या पोरीच्या पाया पडतो? पण मग वाटलं, असेल. एकेका घराची एकेक रीत. कुणी कुमारिका म्हणून पूजत असेल, कुणाचा नवस असेल. मला त्यातून एवढंच कळलं की धुऱ्यांच्या घरात काम होतं ते पाया पडल्याने होतं. तू पण तसाच कर म्हणाली ना? करतो.

खेळ सुरू झाला. शाळेचे बाक जोडून, वर फळ्या ठोकून मंच केला होता. आतून सगळा पोकळ. पाऊल टाकलं की घुमायचा. पटांगण भरलेलं. पुढे खुर्चीवर हेडमास्तर, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि बायकांत पहिल्याच रांगेत कुंदा. मी राजा चंद्रसेन होऊन आलो, दोन पदं म्हटली, आवाज लागला. राजकन्येला पळवलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती मी नव्हतो. आणि मग युद्ध.

काय वाजवला मामाने त्या दिवशी! रागावलेला माणूस चांगलं वाजवतो हे मला तेव्हा कळलं. पाय आपोआप उचलले जात होते. आम्ही मंचावर फेरे घेत होतो, तलवार तलवारीला लागत होती, काका तर वयाने अर्धे झाले होते. मृदंग चढला, शेवटचा बोल आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, मी तलवार उचलली, आणि...

काही नाही. मामाचा उजवा हात वर गेला आणि तिथेच राहिला, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा.

माझी तलवार राक्षसाच्या खांद्यावर ‘टक्’ करून लागली. राक्षस उभा.

“हा हा हा हा!” काका गरजले. “मूर्खा, हेच का तुझं बळ?” आणि मग दातांतून हळूच, “तुका सांगलंय मा?”

“दुष्टा, हा तर केवळ इशारा होता!” मी ओरडलो. दुसरं काय ओरडणार?

पुन्हा युद्ध. पुन्हा फेरे, पुन्हा बोल, पुन्हा मामाचा हात वर. टक्. राक्षस उभा. तिसऱ्या वेळीही तेच, आणि माझ्या पायांत गोळे आले. पेटीवाल्या केशवबुवांना वाटलं आपणच काहीतरी करावं, म्हणून त्यांनी भैरवी धरली. भैरवी म्हणजे खेळ संपला. झांजवाल्यानेही समाप्तीची झांज सुरू केली.

“बंद करा ते केकाटणं!” राक्षस ओरडला. “वज्रकेतू अजून जिवंत आहे!”

विंगेत मालक स्वतःच्या गळ्यावरून आडवा हात फिरवत होते. राक्षसाचा गळा काप म्हणत होते की तुझा कापतो म्हणत होते, ते कळेना.

“हे अधमा,” मी दम खात म्हणालो, “तुला मरण कसं येत नाही?”

आमच्या नाटकात प्रश्न विचारला की उत्तर मिळतंच. काका बाकड्यावर चढले.

“तर मग ऐक, राजा! मला प्रत्यक्ष शंकराचा वर आहे. मी शस्त्राने मरणार नाही, अस्त्राने मरणार नाही, घरात मरणार नाही, दारात मरणार नाही. आणि कणीक थापलेल्या चामड्याने तर मुळीच मरणार नाही!”

मामाने कणकेच्या बाजूवर एकच थाप मारली. “धुम्म्!”

लोक हसले. पुढे बसलेले हेडमास्तर मात्र गंभीरपणे मान डोलावत होते. त्यांना वाटलं, पुराणात असेल.

“या त्रिभुवनात,” काका आणखी चढले, “मला लोळवील असा हात अजून जन्माला आलेला नाही!”

“धुम्म्! धुम्म्!”

आता ते दोघेच बोलत होते. मी तलवार घेऊन मध्ये उभा, नवरा-बायकोच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखा. समोर कुंदाची आई तोंडाला पदर लावून बसली होती, तिच्या डोळ्यांत मला गोदी दिसत होती. म्हटलं, आता कुंदाने सांगितलेलं केल्याशिवाय गत्यंतर नाही. मी तलवार खाली ठेवली, दोन पावलं पुढे गेलो, आणि भर पटांगणासमोर वज्रकेतूच्या पायांवर मुकुटासकट डोकं ठेवलं.

राजा राक्षसाच्या पाया पडलेला पाणंदवाडीने काय, कुणीच पाहिला नव्हता.

आणि काका, राक्षस झाले तरी संसारी माणूस. कुणी पाया पडलं की हात आपोआप वर जातो. तो गेला.

“आयुष्मान हो! विजयी हो!”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर बायकांतून एक म्हातारी उठून उभी राहिली.

“अरे मेल्या, विजयी हो म्हटलंस मा तेका? मगे मर आता!”

“मी... मी हा आशीर्वाद परत घेतो!”

“आशीर्वाद परत घेवक येता काय रे? शिरा पडली तुझ्या तोंडार!”

पटांगण हसून लोळत होतं. मी मात्र अजून पायांवरच होतो. तिथून वर न बघता म्हणालो, “काका, मरा ना हो. रविवारी मुंबयचे येतत.”

काका खाली वाकले, मला उठवल्यासारखं केलं, आणि कानाशी जे बोलले ते मी कधी विसरलो नाही. त्यांचा आवाज राक्षसाचा नव्हता, रागाचाही नव्हता. घाबरलेला होता.

“हट नाय रे ह्यो, मन्या. मगाशी दोनदा पडान बघलंय. पायच सुटत नाय जमनीवरसून. पडतलंय कशार?”

काजळ घामाने ओघळून त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मला एकदम वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि त्याला मरता येत नव्हतं.

मी कुंदाकडे पाहिलं. ती कपाळावर हात मारून घेत होती. मग तिने लुगड्याचा काठ घोट्यापासून जरा वर धरला आणि मला दिसेल असं पाऊल जमिनीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. आणि दुसऱ्या हाताने उताणा तळवा धाडकन पाडून दाखवला.

काखेत कळसा नि गावाला वळसा! घरी मृदंग कुठला असणार? काका रोज सकाळी पडायचा सराव करायचे, तेव्हा कुंदा पाय आपटून बोल द्यायची आणि बाप तिच्या पायावर, म्हणजे तिच्या पायाच्या ठोक्यावर पडायचा. पायार पडतत! आणि मी गाढव मुकुट घेऊन लोटांगण घालत होतो.

मी तलवार उचलली. मंचाच्या मधोमध, जिथे फळ्या सर्वांत जास्त पोकळ होत्या, तिथे जाऊन उभा राहिलो. मामाकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं नाही. उजवा पाय उचलला आणि मामाचाच बोल, लहानपणापासून ज्याच्यावर झोपलो आणि जागा झालो तो, पायांनी काढला. मंच मृदंगासारखा घुमला. एकदा. मामाची मान वळलेली मला कडेने दिसली. दुसऱ्यांदा. काकांच्या टाचा उचलल्या गेल्या. तिसऱ्यांदा. मी पाय जीव खाऊन आपटला आणि तलवार खाली आणली.

धाप्प!

माझा पाय, मामाची थाप आणि काकांची पाठ, तिन्ही मिळून एकच आवाज झाला. एक फळी उखडली, हेडमास्तरांचा चष्मा नाकावरून मांडीवर आला. केशवबुवांनी पुन्हा भैरवी धरली आणि या वेळी कुणी हरकत घेतली नाही. लोक उभे राहून ओरडत होते. मी राक्षसाच्या छातीवर पाय ठेवला, तेव्हा तो डोळे मिटून, ओठ न हलवता पुटपुटला, “बरा वाटला.”

खेळानंतर तिसरीच्या वर्गात दोघे दोन टोकांच्या बाकांवर पाठ करून बसले होते. मी मध्ये उभा. काका खोबरेल तेलाने तोंड पुसत होते. मामा आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, बघत होता.

शेवटी काका म्हणाले, “तू कित्याक वाजवलंस?”

“माका काय म्हायत? तिसऱ्या वेळेक देवचीच होती, पण तू हलानास म्हणान हातच खाली येय नाय. तू कित्याक पडलंस?”

“माका काय म्हायत?”

मग काकांनी माझ्याकडे मान वळवली.

“मन्या, तुझो शेवटचो ठोको वायच पुढे पडलो.”

“पुढेच पडलो,” मामा म्हणाला. दुपारच्या सुरमईपासून ते पहिल्यांदाच एकमेकांना दुजोरा देत होते. “अर्धी मात्रा.”

“अर्धी नाय. पाव.”

“बरा, पाव.”

मामाने कानावरची बिडी काढली, पेटवली, दोन झुरके मारले आणि मागे न बघता हात लांब केला. काकांनीही मागे न बघता ती घेतली.

“म्हंजे समेर नाय मारलंस तू माका,” काका मला म्हणाले. “पाव मात्रा आदीच मारलंस.”

“म्हंजे काका...?”

“म्हंजे लगीन वैशाखात. मुंबयच्यांका मी कळवतंय. पण तवसर ताल सुधार. लोकांनी माका विचारल्यानी, असलो कसलो जावय केलंस, तर काय सांगू?”

वैशाखात लग्न झालं. मामाने हात फुटेपर्यंत वाजवलं आणि काका भर मांडवात, कारण नसताना, दोनदा पडून दाखवते झाले. पाय आधी की हात आधी, हा वाद त्यानंतरही ते हरेक जेवणात घालायचे, फक्त जेवून उठायचे नाहीत.

आता माझेच गुडघे राजपार्ट करून करून गेले आहेत. मध्यंतरी अंकुशकाकांना छातीत कफ झाला आणि त्यांनी अंथरूण धरलं. ऐंशी ओलांडलेली. मोठ्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. दोन दिवस त्यांनी डोळे उघडले नव्हते. माणसं जमली. कुणीतरी कोनाड्यातून गंगेचं पाणी काढलं, कुणीतरी तुळशीची पानं आणून ठेवली. कुंदा बापाच्या पायथ्याशी बसून होती. तिचं रडणं मला बघवत नव्हतं.

दुपारी दारात रिक्षा थांबली आणि मामा उतरला, मृदंग पोटाशी धरून. त्याचे हात तोवर इतके कापायचे की चहाची बशी धरता यायची नाही. कुणाशी बोलला नाही. खाटेशेजारी जमिनीवर बसला. कुंदाकडे कणीक मागितली. तिला वाटलं, शेवटचं भजन. तिने रडत रडत भिजवून दिली.

मामाने वाजवायला घेतलं. हात कापत होते, पण चामड्यावर पडले की कापत नव्हते. तोच बोल. सगळे हात जोडून उभे राहिले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. आणि मामाचा उजवा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

कुणाला काही समजेना. मी म्हणालो, “मामा?”

मामाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हनुवटी तशीच ताठ, पाणंदवाडीच्या मंचावर होती तशी.

“सम देवचंय नाय,” तो म्हणाला. “बघूया कसो मरता तो.”

मी पुढे सरकलो. कुंदाही उठू लागली, तसा मामा तिच्यावर खेकसला.

“कुंदे, पाय हलव नको! अज्याबात हलव नको! आणि मन्या, तू भायर जावन बस. तुझो काय भरवसो नाय. पाव मात्रा आदीच मारशीत.”

कुंदाने दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले आणि तशीच खाटेच्या कडेला बसली. मी उंबऱ्यापलीकडे जाऊन उभा राहिलो, तोल जाऊन पाय आपटू नये म्हणून चौकट धरून. मामा हात वर धरून बसलेला. तो हात थरथरत होता, पण खाली येत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. खाटेवरून घरघर आली. अंकुशकाकांनी एक डोळा उघडला. आधी त्या हाताकडे पाहिलं, मग हाताच्या मालकाकडे.

“मेल्या बाबल्या,” ते म्हणाले, “सम दी.”

“देवचंय नाय.”

काकांनी डोळा मिटला. बऱ्याच वेळाने पुन्हा उघडला. मामाचा हात अजून वरच होता.

“मगे,” काका म्हणाले, “पेज तरी दी.”